उपकारस्तुतीची घाई

सिंदी (रेल्वे)
८ सप्टेंबर २०२४, रविवार

चि. वर्षाली,

सलाम. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. खिडकीवरची बाई म्हणाली, मॅडम, आजकाल कोण पत्र लिहितं? मी म्हटलं, ज्यांच्या सुना फोन उचलत नाहीत त्या सासवा लिहितात. ती हसली. मी हसले नाही.

हे पत्र आधी तुझ्या बाबांच्या हाती पडणार हे मला ठाऊक आहे. व्याहीबुवा, खुशाल वाचा, पण वाचून झाल्यावर मुलीला द्या.

आता मुद्द्याचं. रजतची सुटली. हो, तीच. गेल्या सोमवारी पोळा झाला. पोळ्याच्या दिवशी इथल्या निम्म्या पुरुषांचे पाय वाकडे पडतात, हा सरळ चालत घरी आला आणि वरणभात जेवून झोपला. तू मला चिडून विचारायचीस ना, आई, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि माझा नवरा रोज पिऊन येतो, मग बंदी आहे तरी कोणाला? आता त्यालाच झाली. सरकारने नाही, प्रभूने केली.

जूनमध्ये तो बुटीबोरीच्या प्लॅटफॉर्मवर पडला होता, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्या माहेरी, आष्टीपर्यंत, बातम्या बऱ्या पोचतात. पडला होता म्हणजे चक्कर आली होती. आपल्या चर्चमधले प्रभाकरराव, रेल्वेतून रिटायर झालेले, अगदी मागच्या बाकावर बसतात ते, त्याच गाडीला होते. त्यांनी त्याला उचलून घरी आणलं. त्या दिवसापासून मी उपास धरला आणि पाळकसाहेबांना सांगून मंडळीत रोजची प्रार्थना लावली. फळ दिसतं आहे.

तर बावीस तारखेच्या रविवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली आहे. पाळकसाहेब, पाळकबाई, सगळी मंडळी येईल. चिवडा घरी करते, बुंदी बाहेरून सांगितली. तू आणि इला पुढच्या खुर्च्यांवर हव्यात. बायको नसताना नवऱ्याच्या सुटकेची उपकारस्तुती म्हणजे नवरीशिवाय लग्न. लोक विचारतील, मी काय सांगू?

तुला माहेरी जाऊन वर्ष होत आलं. जाताना मी म्हटलं होतं, बायकोने गुडघे टेकले की नवरा उभा राहतो. ते मी आजही म्हणते. तू दवाखान्यात रात्रपाळ्या करायचीस, थकून यायचीस, सगळं मान्य. पण माझ्या म्हणण्यात चूक काय होती ते मला अजून कळलेलं नाही. झालं गेलं सोड. तू आलीस की रजत ठीक राहील. म्हणजे ठीक आहेच, आणखी ठीक राहील.

इलाला पापा. दुसरीचं गणित तिला जड जात असेल तर पाढे रोज मोठ्याने म्हणून घे.

तुझी आई
कोकिळा


सिंदी (रेल्वे)
२४ सप्टेंबर २०२४

चि. वर्षाली,

तू आली नाहीस. मी पाचच्या गाडीपर्यंत वाट पाहिली. पुढच्या दोन खुर्च्यांवर शेवटी पाळकबाईंची पर्स आणि ढोलकीवाल्याची पिशवी बसली. विचारणाऱ्यांना मी सांगितलं, वर्षालीला ड्यूटी आहे. असेलही, म्हणून ते खोटं धरत नाही.

सभा झकास झाली, हे तुला कळायला हवं. चर्चमधून हातगाडीवर खुर्च्या आणल्या, अंगणात सतरंज्या घातल्या. भजनं झाली. पाळकबाईंनी प्रार्थना इतकी लांबवली की तोवर चिवडा सादळला. शेजारची मोहिनी सुद्धा येऊन दारात बसली होती. तुमच्यात कसं करतात ते बघायला आले म्हणाली.

मग रजतने साक्ष दिली. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. तुझ्या लग्नात दिसला होता तसा दिसत होता. प्रभूने माझी दारू एका रात्रीत काढून घेतली, म्हणाला. आता मला तिचा वासही नको वाटतो, म्हणाला. माझ्यासारखा सुटू शकतो तर कोणीही सुटेल, म्हणाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर साक्ष मीच लिहून दिली होती आणि चार दिवस त्याच्याकडून बसवून घेतली होती. मिशनच्या शाळेत जन्म गेला, गॅदरिंगची भाषणं बसवायची मला सवय आहे. पण तो इतकं छान बोलला की मी लिहिलेलं मलाच खरं वाटलं.

आधी तो नाही म्हणत होता. आई, थोडं थांब ना, म्हणाला. अजून काहीच सांगता येत नाही, म्हणाला. मी त्याला समजावलं की मिळाल्यावर आभार तर कोणीही मानतं, मिळायच्या आधी मानायचे याला विश्वास म्हणतात. तू लोकांसमोर बोललास की मग मागे फिरता येणार नाही, हाच तर फायदा. त्यावर त्याने मान खाली घातली. लहानपणीही असाच होता. मी रागावले की मान खाली घालून उभा राहायचा.

पाळकसाहेबांनी त्याला छातीशी धरलं. अशा जिवंत साक्षीची गावोगावी गरज आहे म्हणाले. आता जामला, समुद्रपूरला, जिथे जिथे आपल्या प्रार्थनासभा भरतात तिथे रजतला सोबत नेणार आहेत. त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर. कोणाचा मुलगा बसतो पाळकांच्या गाडीत पुढे?

एकट्या प्रभाकररावांनी बुंदीला हात लावला नाही. फाटकापाशी चपला घालताना मला म्हणाले, "बाई, घाई झाली." एवढंच. मी म्हटलं, ज्याला आनंद बघवत नाही त्याने यावं कशाला. ते गेले. नंतर मलाच वाटलं, बोलावलं तर मीच होतं.

सभा आटोपल्यावर रजत खुर्च्या परत द्यायला गेला आणि उशिरा आला. हातगाडीचं चाक अडकलं होतं म्हणे. तोंडाला वेलचीचा वास येत होता. सगळ्या बुंदीत मिळूनही तेवढी वेलची नव्हती. कोणीतरी पान दिलं असेल.

नाताळला तरी ये.

तुझी आई
कोकिळा


सिंदी (रेल्वे)
१८ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाली,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं का होईना, आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ आहे. तू लिहितेस: "आई, मी नाताळआधी इलाला घेऊन कायमची यायला तयार आहे. तिच्या शाळेचंही तिकडेच बघेन. फक्त तुम्ही मला एवढं लिहून कळवा, रजत पितो का? हो किंवा नाही. त्याच्या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. तुम्ही बोलायला कडू आहात, पण खोटं बोलत नाही. तुमच्या शब्दावर येईन."

कडू तर कडू. ज्याने एका शब्दात विचारलं त्याला एका शब्दात उत्तर द्यावं, असं मीच मुलांना शिकवत आले.

नाही.

पीत नाही. झालं समाधान? आता तयारीला लागते. इलासाठी खिडकीजवळची खाट उन्हात टाकली आहे. जिनिंगचा सीझन सुरू झाला, कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागते आणि रजतला फिटर म्हणून सतत मशीनपाशी उभं राहावं लागतं, म्हणून तो थोडा उतरलेला दिसेल. डोळे लाल दिसले तर ती कापसाची धूळ आहे. आज तो पाळकसाहेबांबरोबर साक्षीला गेला आहे, नाहीतर त्यानेही दोन ओळी लिहिल्या असत्या.

तारीख कळव. मी स्टेशनवर येईन.

तुझी आई
कोकिळा


सिंदी (रेल्वे)
५ डिसेंबर २०२४

चि. वर्षाली,

एकवीस तारीख कळली. इलाच्या शाळेचा दाखलाही काढते आहेस म्हणतेस. दाखल्याची एवढी काय घाई? शाळा सुरू असताना मधेच नाव काढलं की मूल बावरतं. मी शिक्षिका म्हणून सांगते, राहू दे. सामानही थोडंच आण. थंडी फार आहे इकडे.

जिनिंगमधून रजतला काही दिवस घरी बसायला सांगितलं आहे. मशीनजवळ थरथरत्या हाताचा माणूस नको म्हणतात. थंडीत हात थरथरणारच. मी स्वतः मालकांकडे गेले होते. ते माझ्या हाताखाली शिकले आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि रजतबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मी बरी आहे. जरा दमते. दुपारी तो झोपला की मी खोलीला बाहेरून कडी घालते आणि तिथेच ओट्यावर तांदूळ निवडत बसते. परवा निवडून उठले, कडी काढली, तर आत कोणी नव्हतं. मागच्या खिडकीचा एक गज निघतो, हे मला या घरात चाळीस वर्षं राहून माहीत नव्हतं.

आता सांगते ते व्याहीबुवांनी वाचू नये. मोहिनीने मला नदीपलीकडच्या एका बाबाची पुडी आणून दिली. चहातून द्यायची, माणसाला कळत नाही, आपोआप किळस येते. मी, जिने आयुष्यभर मुलांना गंडेदोरे सोडायला लावले, ती रोज सकाळी देवाचं नाव घेऊन मुलाच्या चहात पुडी ढवळत होते. त्याला उलट्या झाल्या. दोन दिवस तो पोट धरून पडून होता आणि मी आभाराची प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी उठला आणि गेला.

कुठे गेला असं विचारशील. फिरायला गेला. पाय मोकळे करायला.

पण खबरदारी म्हणून मी हल्ली नागपूरकडच्या गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन बसते. बुटीबोरी काही लांब नाही आणि तिथे जिल्हा बदलतो, दुकानं उघडी असतात. ओळखीचे लोक विचारतात, बाई, कुठं निघाल्या? मी म्हणते, कुठे नाही, ऊन खाते. प्लॅटफॉर्मवर शेड आहे, तिथे ऊन नसतं. तरी ते बिचारे मान डोलावतात.

मंगळवारी तिथे प्रभाकरराव येऊन बाजूला बसले. मी म्हटलं, तुम्ही पण ऊन खायला आलात का? ते म्हणाले, "माही बायको बी अशीच बसे इथं, बाई. याच बाकावर."

मी विचारलं, मग? अडवलं का तुम्हाला?

"नाई. मी मालगाडीच्या पल्याडून जाऊन चढे. ती बसून राहे."

मला आधी हसू आलं. त्यांची बायको मला आठवते, तू नव्हतीस तेव्हा. काळी, उंच, चर्चमध्ये कोणाशी बोलायची नाही. तिला आम्ही गर्विष्ठ म्हणत असू.

प्रभाकरराव स्वतः कसे सुटले ते मी विचारलं.  म्हणाले की ते सुटलेले नाहीत. आजचा दिवस प्यायले नाहीत, इतकंच त्यांना सांगता येतं. रोज सकाळी प्रभूला सांगतात की माझ्यानं होत नाही, आजच्यापुरतं तू बघ. एवढीच प्रार्थना. मी म्हटलं, ही कसली प्रार्थना, हा तर पराभव झाला. ते म्हणाले, पराभवच आहे, बाई.

दर बुधवारी चर्चच्या मागच्या खोलीत ते आणि दारूशी झगडणारे आणखी चारपाच जण बसतात. मंडळीला ठाऊक आहे, पण सूचनांमध्ये कधी वाचत नाहीत. मला या म्हणाले. मी भडकले. मी काय पिते? त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पीत नाई. पण तुमचा बी सारा दिवस त्याच्यातच जाते ना."

मी उठून घरी आले. गेले नाही बुधवारी. कोणी पाहिलं असतं तर?

वर्षाली, एक विचारू? एकवीसला एकदम सगळं उचलून येण्याऐवजी आधी एक दिवस एकटी येऊन जाशील का? इलाला आजीकडे ठेवून. तसं कारण काही नाही. थंडी आहे म्हणून.

तुझी आई
कोकिळा


सिंदी (रेल्वे)
१६ डिसेंबर २०२४, सोमवार

वर्षाली,

हो. पितो.

मी तुला नाही लिहिलं तेव्हाही पीत होता. उपकारस्तुतीच्या संध्याकाळी खुर्च्या परत द्यायला गेला तेव्हाही प्यायला होता, आणि ते मला दारातच कळलं होतं. मला वाटलं, तू आलीस की सुटेल, मग माझं लिहिलेलं मागाहून खरं ठरेल. तू आणि इला म्हणजे मोहिनीच्या पुडीनंतरचा माझा पुढचा उपाय होता. तुम्हा दोघींना मी त्याच्या चहात ढवळणार होते. हे पत्र आजच टपालात टाकते, एकवीसच्या आत तुला मिळायला हवं. शिवाय मोहिनीच्या फोनवरून तुझ्या बाबांनाही फोन करते, म्हणजे पोस्टाच्या भरवशावर राहायला नको.

काय झालं ते सांगते. शनिवारी जामला नाताळची सभा होती आणि पाळकसाहेब रजतला घ्यायला येणार होते. तो अंघोळ करून पांढरा शर्ट घालून तयार होता. गाडी यायला अवकाश होता म्हणून मी मागच्या अंगणात कपडे काढायला गेले, तर हा न्हाणीच्या आडोशाला उभा राहून पन्नीतली दारू ओढत होता. इथे दुकान नाही, पण प्लास्टिकच्या पन्नीत मिळते, तुला माहीतच आहे. शर्टावर सांडू नये म्हणून त्याने मान पुढे काढली होती आणि डाव्या हाताने शर्ट पोटाशी धरला होता.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. साक्षीला जायच्या आधी तरी लाज वाटू दे, म्हटलं. तो घाबरला नाही, पळाला नाही. पन्नी खाली ठेवून म्हणाला, "आई, पेल्याबिगर मले ते साक्ष देताच येत नाई. शुद्धीत असलो का तोंडातून निघत नाई ते."

 तो बोलत राहिला. आधी प्यायला लागला की निदान एखाद्याला सांगायचा, परत चुकलो रे म्हणून. आता कोणाला सांगणार? गावोगावी लोक टाळ्या वाजवतात, बायका आपल्या नवऱ्यांच्या डोक्यावर त्याला हात ठेवायला लावतात. समुद्रपूरला एका म्हाताऱ्याने त्याचे पाय धरले. म्हणाला, "तू बंद कर ना वं हे. मी नाई करू शकत."

मी म्हटलं, मी कसं बंद करू? तोवर बाहेर हॉर्न वाजला. त्याने खिशातून वेलची काढून तोंडात टाकली आणि गेला. जामला साक्ष उत्तम झाली असं रात्री पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं.

काल रविवारी उपासनेत प्रार्थनेचे विषय विचारले. दर आठवड्याला मी उठते हे तुला ठाऊकच आहे. याच्या गुडघ्यासाठी, त्याच्या नोकरीसाठी, मंडळीतल्या प्रत्येकाचं दुखणं मला पाठ असतं. काल उठले आणि म्हटलं, माझा मुलगा रजत दारू पितो. सुटली असं मी सगळ्यांना सांगितलं, ती साक्षही मीच लिहून दिली होती, ते खोटं होतं. त्याच्यानं थांबत नाही आणि माझ्यानं त्याला थांबवता येत नाही. मी सगळं करून पाहिलं. एवढंच बोलता आलं. विषय मांडल्यावर शेवटी मी नेहमी एखादा दिलाशाचा शब्द जोडते, काल तो आला नाही.

 पाळकसाहेब खाली बघत राहिले. पाळकबाईंनी गडबडीने गाणं सुरू केलं आणि इतक्या वरच्या पट्टीत धरलं की कोणालाच लागेना. मला वाटलं रजत उठून बाहेर जाईल. गेला नाही. समोरचा बाक दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. गाणं चालू असताना प्रभाकरराव मागून उठून आले आणि त्याच्या शेजारी बसले. त्याच्याशी बोलले नाहीत, पाठीवर हातबित ठेवला नाही. बसले.

दुपारी पाळकसाहेब घरी आले. बाई, आधी मला एकट्याला सांगायचं ना, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं. त्यांना राग आलेला असावा, दुःखही झालेलं असावं. ते वाईट नाहीत. त्यांनाही एक सुटलेला माणूस हवाच होता, माझ्याइतकाच. जाताना चपला घालता घालता थांबले आणि गावोगावच्या त्या लोकांना आता मी काय सांगू, असं मलाच विचारलं. मला काय माहीत.

ते गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. नेहमी अशा वेळी तो माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो आणि मी त्याला उठवून जेवायला वाढते. काल त्याने शपथ घेतली नाही. म्हणाला, "उद्या मी पेईन का नाई, मले नाई सांगता येत." मी म्हटलं, मलाही नाही. मग मी प्रार्थनेला बसले आणि मला शब्द सुचेनात. मला, वर्षाली. पाळकबाईंच्या प्रार्थनेला लांबण म्हणून नावं ठेवणारी मी, तोंड उघडं ठेवून बसले होते. शेवटी तोच म्हणाला, "प्रभू, आमच्यानं नाई होत. बस." मी आमेन म्हटलं. त्याने म्हटलेल्या प्रार्थनेला मी आमेन म्हटलं असं याआधी झालेलं मला आठवत नाही.

तारणारा एकच आहे असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि घरी येऊन त्याच्या जागेवर स्वतः बसले. ते काम मला येत नाही. आता जागा रिकामी केली आहे. तो येऊन बसेल असा विश्वास आहे, असं लिहायला हात जातो आहे, पण आज तेवढंही छातीठोक लिहिणार नाही. आशा आहे, एवढं लिहिते.

काही चमत्कार झाला असेल असं वाटून घेऊ नकोस. आज सकाळी तो प्यायला. मी पाहिलं, कडी घातली नाही, स्टेशनवर गेले नाही. चुलीपुढे बसून रडले आणि मग भाजी चिरली. बुधवारी तो मागच्या खोलीत जातो म्हणाला आहे. पिऊन गेलो तर चालेल का, असं त्याने प्रभाकररावांना विचारलं. ते म्हणाले, ये. मीही जाणार आहे. तो आला तरी आणि नाही आला तरी.

म्हणून तू येऊ नकोस. इलाला घेऊन तर मुळीच येऊ नकोस. तिचा दाखला काढला असशील तर परत भर, तिला तिथेच शिकू दे, तुझी नोकरी सांभाळ. आमच्यासाठी प्रार्थना करवली तर कर, नाही करवली तरी मी तुला बोल लावणार नाही.

आणि हे नीट लक्षात ठेव. मी स्वतःला ओळखते. चार दिवस तो बरा राहिला, एखादा रविवार चांगला गेला, की माझा हात पुन्हा कागदाकडे जाईल. मी लिहीन की वर्षाली, सगळं ठीक आहे, ये. अगदी गोड लिहीन, प्रभूच्या नावाने लिहीन. ते पत्र आलं तरी येऊ नकोस. खरं हवं असेल तर प्रभाकररावांना विचार, मला विचारू नकोस.

कोकिळा